नैराश्यात माणूस रडतोच असं नाही : घरच्यांनी त्याचा मूड कसा समजून घ्यावा?

रामबागची_लेक

माझ्या थोरल्या भावाला नैराश्य आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय. औषधं सुरू झालीत, डॉक्टर नीट वेळ देतात, त्यामुळे कुठे दाखवावं हा प्रश्न नाही. प्रश्न घरात आहे.

आमच्याकडे सगळ्यांची समजूत अशी की नैराश्य आलेला माणूस कोपऱ्यात बसून रडतो. दादा रडत नाही. तो चिडतो. कुकरची शिट्टी झाली, भाचीने मोबाइलचा आवाज मोठा केला, वहिनीने "वाढू का?" असं दुसऱ्यांदा विचारलं, की भडकलाच. हा माणूस कधी कोणावर ओरडलेला आम्हाला आठवत नाही. संक्रांतीला गल्लीतली पोरं पतंग काढायला आमच्या गच्चीवर चढायची, तेव्हा शिडी धरायला हाच उभा असायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी त्याला अंथरुणातून उठवत नाही आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर तो बराचसा पूर्वीसारखा असतो. शेजारच्या काकांशी क्रिकेटवर बोलतो. मग आई म्हणते, "ऑफिसची वेळ टळली की हा बरा!" बँकेत आहे, सध्या रजेवर.

तिसरी गोष्ट वहिनीला फार लागली आहे. भाचीचा दहावीचा निकाल उत्तम लागला. घरात पेढे आले, फोन वाजत होते. दादा "छान" म्हणाला आणि भिंतीकडे बघत बसला. वहिनी मला म्हणाली, "ह्यांचा आमच्यावरचा जीवच उडालाय गं."

ज्यांनी हे भोगलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. आतून नेमकं काय होत असतं? आणि आम्ही त्याचा काय अर्थ लावायचा? "पॉझिटिव्ह राहा" हे दादाला सगळे सांगून झालेत, ते इथे नको.

देवासवाला

आमच्या आईचं असंच. फक्त ती चिडायची नाही, तिचं अंग दुखायचं. पाठ, डोकं, छातीत जळजळ, हातापायांना मुंग्या. सोनोग्राफी, एक्सरे, ईसीजी, सगळं नॉर्मल. शेवटी गल्लीतल्याच फॅमिली डॉक्टरांनी दुखण्याचं सोडून भलतंच विचारलं, "काकू, यंदा लोणचं घातलंत का?" आई म्हणाली, "इच्छाच झाली नाही." मग त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं आणि मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. आई कधी "मला उदास वाटतं" असं म्हणालीच नव्हती. तिला विचारलं असतं तरी "मला काय धाड भरलीय" म्हणाली असती.

पलसीकर_कॉलनी

ताई, मी आतलं लिहितो. मला हा आजार एकाहून जास्त वेळा होऊन गेला, मधली वर्षं चांगली गेली. सध्या बरा आहे, शिकवतो, घर चालवतो, म्हणून लिहिता येतंय. लांबेल, सांभाळून घ्या.

वहिनींना सगळ्यात आधी सांगा की त्यांच्यावरचा जीव उडालेला नाही. त्या काळात माझा जीव कशावरच नव्हता, त्यात माझी मुलगी आली, बायको आली आणि मी स्वतःही आलो. मुलीवर माझं प्रेम आहे हे मला माहीत असायचं, जाणवायचं मात्र नाही. सर्दीत जेवताना होतं ना, घास पोटात जातो पण चव लागत नाही, तसं. आणि ह्याची इतकी शरम वाटायची की मी तिच्यापासून लांब राहायला लागलो. ती शाळेतून धावत आली की मला दडपण यायचं, कारण आता चेहऱ्यावर आनंद आणावा लागणार. लोक समजतात की ह्या आजारात दुःख फार होतं. काहींना होतही असेल. मला तर दुःख झालं असतं तर बरं वाटलं असतं. काका गेले, ज्यांनी मला सायकल शिकवली ते काका, आणि त्यांना खांदा देताना मी रस्त्यावरचे खड्डे बघत होतो.

एका रंगपंचमीला मित्रांनी मला ओढून राजवाड्यावर गेरीत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, नेलं. इंदूरकरांना तिथलं वर्णन सांगायला नको, टँकरमधून उडणारं रंगाचं पाणी, वरच्या मजल्यांपर्यंत जाणारा गुलाल, ढोल, पाय ठेवायला जागा नाही. मला रंग दिसत होते, ढोल ऐकू येत होते, कोण कुठे नाचतोय ते कळत होतं. आत काहीच हलत नव्हतं. घरी आलो आणि आंघोळही न करता तसाच रंगासकट पडलो. बायकोला वाटलं, मजा करून दमून आलाय. मी तिला काही सांगितलं नाही, कारण सांगायला काही सापडत नव्हतं. "मला काहीच वाटत नाही" ही तक्रार कोणी कोणाकडे कशी करायची?

आता चिडण्याबद्दल. दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, फोन उचलणं, ह्या कामांना त्या दिवसांत इतकी ताकद लागायची की दुपारपर्यंत मी रिकामा होऊन जायचो. मग प्रत्येक आवाज म्हणजे कोणीतरी माझ्याकडे काहीतरी मागतंय असं वाटायचं. "वाढू का?" हा प्रश्न तुम्हाला दोन शब्दांचा दिसतो. मला आधी भूक आहे का ते शोधावं लागे, मग ठरवावं लागे, मग उठावं लागे. मी तेवढं जमवत असतानाच तोच प्रश्न परत आला की भडका. त्यानंतर पुढचे कितीतरी तास मी स्वतःला शिव्या देत पडलेला. घरच्यांना चिडचिड दिसते, तिच्यानंतरचं हे त्यांना दिसत नाही. "आपण ह्यांना नुसता त्रास देतोय, आपण नसलेलेच बरे" हा विचार माझ्या बाबतीत तिथूनच सुरू झाला. तो विचार धोक्याचा आहे. त्याबद्दल इथल्या जाणकारांनी जरूर लिहावं.

आणि सकाळ. पहाटे अजून अंधार असताना डोळे उघडायचे आणि परत मिटायचे नाहीत. छातीत भीती, कशाची ते माहीत नाही. दूधवाल्याची सायकल ऐकू आली की पोटात गोळा यायचा, कारण दिवस सुरू झाला. संध्याकाळ झाली की थोडं सैल वाटायचं. मलाच शंका यायची की आपण ढोंग तर करत नाही ना. पण रविवारची सकाळही तशीच जायची, दिवाळीच्या सुटीतलीही. तुमच्या आईंना सांगा, दादाची रविवारची सकाळ बघा. ऑफिस टाळायचं असतं तर रविवारी पहाटे डोळे उघडून छताकडे बघत पडायचं काय कारण?

रामबागची_लेक

रविवारीही तसंच असतं. खरंच तसंच असतं, आम्ही कोणी हा विचारच केला नव्हता. आईला आत्ताच सांगितलं, ती काही बोलली नाही, पण ऐकलं तिने नीट. बाकीचं वहिनीला वाचायला पाठवते आहे.

माळवी_माणूस

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. पूर्वी घरात दहा माणसं असायची, ओटल्यावर बसून गप्पा व्हायच्या, त्यामुळे मन कुढत नव्हतं. आता प्रत्येक जण आपापल्या खोलीत. तुमच्या दादाला रोज पहाटे पिपल्यापाल्याला चालायला न्या, मोबाइल काढून घ्या, घरातली दोन कामं अंगावर टाका. ह्या गोळ्यांची सवय लागते असं मी ऐकून आहे. माझ्या ओळखीत एक जण गोळ्या सोडल्या की परत आजारी पडतो. मुलगा चाळिशीतला आहे, आयुष्यभर गोळ्यांवर राहू नये इतकंच वाटतं.

मनाची_शाळा

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, इंदुरातच काम करते. धागा सकाळपासून वाचते आहे. दादाला मी तपासलेलं नाही, म्हणून सर्वसाधारण लिहिते. त्याच्या उपचारांचा निर्णय त्याच्या डॉक्टरांचा.

निदानाच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात. त्यात दोन मुख्य आहेत, एक उदास मनःस्थिती आणि दुसरं गोष्टींतला रस किंवा आनंद नाहीसा होणं. ह्या दोनांपैकी एक पुरतं. म्हणजे माणूस उदास दिसत नसला, "मला वाईट वाटतं" असं म्हणत नसला, तरी निदान बसू शकतं. मुलं आणि किशोरवयीनांच्या बाबतीत तर उदासीच्या जागी चिडचिड धरावी असं निकषांतच लिहिलंय. मोठ्यांच्या निकषांत ती नाही, पण प्रत्यक्षात खूप दिसते. पुरुषांच्या बाबतीत घरचे माझ्याकडे येतात तेच मुळी "फार तापट झालेत" किंवा "पिणं वाढलंय" असं सांगत. दारूचं इथेच सांगून ठेवते, ती तासाभरापुरती सुन्न करते आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी वाईट करते.

पलसीकरांनी गेरीचं जे लिहिलंय त्यावर संशोधन आहे. पूर्वी असं मानत की नैराश्यात माणूस वाईट गोष्टींना जास्त हळवा होतो. जोनाथन रॉटनबर्ग, जेम्स ग्रॉस आणि इयान गॉटलिब ह्यांनी २००५ मध्ये नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या लोकांना आनंदाची आणि दुःखाची चित्रफीत दाखवून बघितलं. नैराश्य असलेल्यांच्या भावना दोन्हींना कमी हलल्या. आनंदालाही आणि दुःखालाही. त्यामुळे भाचीच्या निकालाला "छान" म्हणून भिंतीकडे बघणारा आणि काकांच्या अंत्ययात्रेत खड्डे बघणारा, ह्या दोघांचं एकच चाललेलं असतं.

दुसरी गोष्ट घरच्यांना उपयोगी पडेल अशी. हवंसं वाटणं आणि मिळाल्यावर आवडणं ह्या मेंदूत वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी आहेत. नैराश्यात पहिली बहुतेकदा जास्त बिघडते. म्हणून "चल सराफ्यात गराडू खाऊ" म्हटलं की उत्तर "नको" येतं, आणि ते प्रामाणिक असतं, त्याला खरंच काही हवंसं वाटत नसतं. पण कसाबसा गेला आणि गरम गराडू हातात आला तर थोडी चव लागू शकते. वर्तनाला चालना देण्याची जी उपचारपद्धत आहे ती ह्यावरच उभी आहे. इच्छा होण्याची वाट न बघता अगदी लहान कृती आधी करायची, इच्छा मागून येते. लहान म्हणजे खरोखर लहान. ओटल्यापर्यंत जाऊन पाच मिनिटं बसून येणं हीसुद्धा कृती आहे.

माळवी_माणूस काका, म्हणून तुमचं चालण्याचं मी खोडत नाही. व्यायामाचा नैराश्यावर परिणाम होतो हे अभ्यासांत दिसलंय. फक्त दादाचा सगळ्यात वाईट वेळ पहाटेचा आहे. त्या वेळी त्याला चालायला ओढलं आणि ते जमलं नाही, तर "मला एवढंही जमत नाही" ह्याची भर पडते. संध्याकाळी तो सैल असतो, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न्या. मोबाइल काढून घेऊ नका, चाळिशीतल्या माणसाचा मान राखायला हवा, आजारात जास्तच. गोळ्यांचं म्हणाल तर नैराश्यावरची औषधं नशेच्या अर्थाने सवय लावत नाहीत, त्यांची तलफ येत नाही. एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके असं होऊ शकतं, म्हणून ती डॉक्टर हळूहळू कमी करतात. सवय लागण्याचा धोका असतो तो झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांना, त्या म्हणूनच मोजक्या दिवसांसाठी देतात. तुमच्या ओळखीतल्यांनी बरं वाटताच गोळ्या सोडल्या असतील. पहिल्या वेळच्या नैराश्यात बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, नाहीतर आजार परतण्याची शक्यता वाढते.

धोक्याच्या विचाराबद्दल वेगळं लिहिते, आत्ता पेशंट आहे.

जुनी_पागा

माळवी_माणूस, ओटल्यावरच्या माणसांबद्दल मी लिहितो, मी त्याच काळातला. इंदूरच्या कापड गिरण्या बंद पडत गेल्या ते दिवस मी जवळून पाहिलेत. आमचे वडील गिरणी कामगार. काम गेल्यावर ते ओटल्यावर बसायचे हे खरं, पण गप्पा मारत नव्हते. बसलेले असायचे. भजनी मंडळात मृदंग वाजवायचे, तो खुंटीवरून खाली काढला नाही. आईने ताटात काय वाढलंय ह्याकडे लक्ष नसायचं, आणि एखाद्या दिवशी मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावायचे. आमच्या चाळीत असे आणखीही होते. घरात दहा माणसं होती, ओटला होता, सगळं होतं. लोक म्हणायचे, माणूस बिघडला. दवाखान्यात न्यावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण मनाचा दवाखाना म्हटलं की बाणगंगा, आणि बाणगंगेचं नाव काढायची सोय नव्हती. पोरींची लग्नं मोडली असती. वडिलांना आजार होता की परिस्थितीचा घाव होता, हे आता कोण सांगणार? दोन्ही असेल. पण त्यांच्याकडे कोणी तशा नजरेने बघितलंच नाही, ह्याचं मला आज ह्या वयातही फार वाईट वाटतं. तुमच्या दादाकडे सगळं घर बघतंय, ताई. बघत राहा.

मनाची_शाळा

जुनी_पागा काका, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ.

निमहान्स ह्या बेंगळूरुच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. निवडलेल्या १२ राज्यांत मध्य प्रदेशही होता. त्यात नैराश्य असलेल्या दर १०० माणसांतल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. त्यातले कितीतरी असेच "तापट" किंवा "बिघडलेले" म्हणून घरात वावरत असणार.

आता राहिलेलं. "मी नसलेलाच बरा" असं दादा कधी बोलला, निरवानिरवीची भाषा करू लागला, आवडत्या वस्तू देऊन टाकू लागला, तर सरळ विचारा, "जगूच नये असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारल्याचा आधार वाटतो. उत्तर "हो" आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. टेली मानस ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. एमवाय ह्या इंदूरच्या सरकारी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागातही रात्री-बेरात्री जाता येतं.

उपचारांचे पहिले काही आठवडे ह्या बाबतीत जास्त जपायचे. झोप, भूक, अंगातली हालचाल आधी सुधारते, मनातली आशा मागून येते. मधल्या काळात माणूस बाहेरून बरा दिसतो आणि आतून अजून तसाच असतो. गोळ्यांचा साठा वहिनींकडे असावा, रोजच्या रोज त्यांनी द्याव्यात.

सध्या_पुण्यात

मी मूळची इंदूरच्या लोकमान्य नगरची. बाळंतपणानंतर मला हे झालं. बाळ रडलं की उठायचे, पाजायचे, लंगोट बदलायचे, सगळं बिनचूक. आतून काहीही नाही. सगळे म्हणायचे, किती शांत आई आहे. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं वेगळं, ते बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. माझं गेलं नाही. सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तू बाळाशी बोलत नाहीस." एवढंच. दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

वहिनींसाठी एक सांगते. बरं होताना प्रेम परत आलं ते एकदम आलं नाही. आधी चीड कमी झाली. मग एक दिवस बाळाच्या टाळूचा वास आला, तेलाचा. वास आधीही येत असणार, तो दिवस मात्र लक्षात राहिला. दादांच्या बाबतीत असं काहीतरी अगदी बारीक आधी दिसेल. निकालाचा आनंद वगैरे मोठं नंतर.

उज्जैनकर

एक प्रश्न, माहितीसाठी. दादाला ह्याआधी कधी उलटं झालं होतं का? म्हणजे काही दिवस झोप कमी पण थकवा नाही, बोलणं भराभर, मोठमोठे बेत, पैसा सढळ? आमच्या घरी असं झालं होतं आणि आम्ही डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण ते दिवस आम्हाला चांगले वाटले होते. धाकटा भाऊ तेव्हा फार आनंदात होता ना!

मनाची_शाळा

फार महत्त्वाचा प्रश्न. तसं कधी झालं असेल तर ते दोन टोकांच्या मनःस्थितीच्या आजाराचं (बायपोलर) लक्षण असू शकतं, आणि त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. औषधांची आखणीच बदलते. डॉक्टर पेशंटला विचारतात, पण नैराश्यात माणसाला स्वतःचे चांगले दिवस नीट आठवत नाहीत. मार्क विल्यम्स ह्यांनी १९८०च्या दशकापासून ह्यावर काम केलंय. नैराश्यात "आनंदाचा एखादा प्रसंग सांगा" म्हटलं की नेमका प्रसंग येत नाही, "लहानपणी बरं होतं" असं मोघम काहीतरी येतं. म्हणून अशी माहिती घरच्यांनी द्यायची.

हेच आणखी एका ठिकाणी लागू आहे. दादा जेव्हा म्हणेल की "मी आयुष्यात काही केलं नाही, पुढेही काही होणार नाही", तेव्हा त्याच्याशी वाद घालून बँकेतल्या बढत्या मोजून दाखवू नका. एरन बेक ह्यांनी दाखवून दिलंय की ह्या आजारात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल असं तिन्हीकडून नकारात्मक दिसू लागतं. तो खोटं बोलत नसतो. त्याला तेवढंच दिसत असतं. "तुला आत्ता असं वाटतंय हे कळतंय मला, मी इथेच आहे" इतकं पुरे.

थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? थायरॉइडचं काम मंदावलं तरी मरगळ, झोप, मंदपणा असंच दिसतं.

रामबागची_लेक

उलटं असं कधी झालेलं नाही, आईला आणि वहिनीला दोघींना विचारून घेतलं. बी-१२ कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. थायरॉइड उद्या करतोय.

वहिनीने सगळा धागा वाचला. पलसीकरांचं वाचताना रडली, मग म्हणाली, "हे मला ह्यांनी सांगितलं असतं तर..." आणि स्वतःच म्हणाली, सांगता येत नसणार. मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलेलं आईने मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा.

वहिनीचा एक प्रश्न आहे. गेल्या आठवड्यापासून चिडणं कमी झालंय, पण आता नुसता सपाट असतो. हे औषधाने झालं की आजाराने?

मनाची_शाळा

दोन्ही शक्य आहे. आजार पूर्ण उतरलेला नसतानाही असं राहतं, आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी बऱ्याच जणांच्या भावना बोथट होतात. फरक डॉक्टर करतील, त्यांना नोंद लागेल. वहिनींनी एक साधी वही करावी, सकाळ-दुपार-रात्र, मनःस्थितीला शून्य ते दहा आकडा. आकडा दादानेच सांगायचा, वहिनींनी फक्त लिहायचा. झोप किती, तेही लिहा. नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली हिंदीत आणि मराठीतही मिळते, ती दर पंधरा दिवसांनी भरून दाखवता येईल. सपाटपणा आहे म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं, पहिल्याच औषधाने सगळ्यांना पूर्ण गुण येतोच असं नाही.

माळवी_माणूस

मी धागा पुन्हा वाचला. जुनी_पागा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून मन हललं. ताई, मी राजेंद्र नगरला राहतो. संध्याकाळी दादाला कोणाच्या सोबतीने दुकानापर्यंत जायचं असेल आणि घरचे पुरुष कामावर असतील, तर मला व्यक्तिगत निरोप करा. मी काहीही सल्ला देणार नाही, नुसता सोबत चालेन.

रामबागची_लेक

काका, खूप आभार. दादाला विचारून कळवते.

सगळ्यांना अजून एक. भाऊबीज जवळ आलीय. दर वर्षी आमच्याकडे सगळी चुलत-आते भावंडं जमतात, तीस-पस्तीस माणसं होतात. दादाला बोलवायचं की यंदा रद्दच करायचं?

पलसीकर_कॉलनी

रद्द केलंत तर त्याला वाटेल त्याच्यामुळे सगळ्यांचा सण गेला. त्याला विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी चालेल अशा आवाजात विचारा. शक्य असेल तर गर्दीच्या आधी, संध्याकाळी, तुम्ही दोघंच ओवाळून घ्या. मग आवडलं तर थांबेल, नाहीतर आतल्या खोलीत जाईल. बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा की "कसा आहेस, बारीक झालास, काय झालं होतं?" हे विचारू नका. क्रिकेटवर बोला म्हणावं. आणि ओवाळताना तो हसला नाही तर फोटोसाठी "हस ना" म्हणू नका.

सध्या_पुण्यात

आणि जेवणाचं ताट त्याला हवं तिथे मिळू दे. पंगतीत बसायलाच हवं असं नको.

रामबागची_लेक

दादाला विचारलं. "तू ये, ओवाळ, बाकीचं बघू" म्हणाला. संध्याकाळी सहाची वेळ ठरवली. माळवी_माणूस काकांबद्दलही सांगितलं, "क्रिकेट बघतात का ते?" एवढंच विचारलं. काका, बघता ना? थायरॉइडचा रिपोर्ट परवा मिळेल, वही वहिनीने कालपासून सुरू केली आहे. पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे वहिनी आणि मी दोघी जाणार आहोत, काय म्हणतात ते इथे लिहीन.

माळवी_माणूस

बघतो. निरोप केलाय तुम्हाला, फोन नंबर त्यात आहे.